हाकेला येणारा पक्षी

१४ एप्रिल

आलो एकदाचे! एकतीस वर्षं तैपेईच्या रस्त्यांवर बस चालवली, शिव्या खाल्ल्या, शिव्या दिल्या, आता कुणालाही कुठेही पोचवायचं नाही. घर लहान आहे, दोन खोल्या आणि पुढे ओटा, पण ओट्यावर बसलं की अख्खा जलाशय समोर पसरलेला. पाणी यंदा फार खाली गेलंय. मे महिन्याचा पाऊस येईपर्यंत असंच असतं म्हणे. काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडलाय, वरून वाळून भेगाळलेला.

पी-युनने आल्या आल्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि ओरडली, अरे म्हाताऱ्या, बगळा उडाला तर पंखांचा आवाज आला मला! कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात तिची तीस वर्षं गेली, आणि कानही गेले. हिवाळ्यात कानात घालायची यंत्रं घेतली, तेव्हापासून बाई लहान पोरीसारखी झालीय. कढईत लसूण पडला तरी चर्र ऐकायला वाकते. मला म्हणते, तू घोरतोस हे मला चाळीस वर्षांनी कळलं, आधी कळलं असतं तर लग्नच केलं नसतं.

गाडीची रोजची नोंद लिहायची सवय, हात गप्प बसत नाही. म्हणून ही वही.

१५ एप्रिल

साडेपाचलाच निघालो, कॅमेरा गळ्यात. काठाच्या पायवाटेवर, झाडीच्या तोंडाशी, पाच ट्रायपॉड ओळीने उभे होते, तोफा लावल्यासारखे. या पक्षीवाल्या टोळीचे म्होरके म्हणजे चानकाका. वय चौऱ्याहत्तर, जन्मभर भाजी विकली, अजूनही माणसाला कोबीसारखं उलटसुलट करून बघतात. आधी विचारलं, नाश्ता झाला का. मग माझी लेन्स बघितली आणि म्हणाले, भाऊ, हिच्यातून पक्षी काढायचा तर पक्ष्याला आधी तुमच्या खांद्यावर बसवावं लागेल. सगळे हसले. मीही हसलो, पण राग आलाच.

त्यांच्या शेजारी यौ मास्तर. निवृत्त चित्रकला शिक्षक, दिवसाला चार शब्द बोलतात.

एक गोष्ट आवडली. पाण्याजवळ कुणी कुणाला हाक मारत नाही. काही हवं असलं तर उठून जातात, खांद्यावर थाप मारतात, खुणा करतात. नावसुद्धा घेत नाहीत. पक्षी बुजू नयेत म्हणून असेल. आमच्या डेपोत अशी शिस्त असती तर माझे कान पी-युनपेक्षा बरे राहिले असते.

१७ एप्रिल

सगळे नवरंग पक्ष्याची वाट बघतायत. दक्षिणेकडून समुद्र ओलांडून याच दिवसांत येतो. त्याला कसं बोलावतात ते आज चानकाकांनी दाखवलं. झुडपात छोटा स्पीकर ठेवायचा, मोबाईलवरून त्याच्यावर नवरंगाचीच शीळ लावायची. पक्ष्याला वाटतं, आपल्यापैकी कुणीतरी आहे. मग एका ओंडक्यावर अळ्या ठेवायच्या. पहिले तीन-चार दिवस त्याला बिनघोर खाऊ द्यायचं. मग ओंडका रोज हातभर पुढे सरकवायचा. आठवड्याने पक्षी नेमका तुम्हाला हवा तिथे, हव्या त्या उजेडात येऊन उभा राहतो. काका म्हणाले, त्याला वाटतं तो स्वतःच्या मनाने आलाय.

फक्त एकच ताकीद. स्पीकरचं तोंड कायम डोंगराकडे. मी विचारलं, पाण्याकडे केलं तर काय होतं? काका म्हणाले, नाही करायचं, बस्स. आता मी काय शाळेत आहे? डेपोच्या मॅनेजरचं कधी ऐकलं नाही, या भाजीवाल्याचं ऐकू!

२० एप्रिल

आला! नवरंग आला! हिरवी पाठ, खांद्यावर निळा तुकडा, पोटाखाली लालभडक, डोळ्यावरून काळी पट्टी. ओंडक्यावर तीन उड्या मारल्या, अळी उचलली, गेला. चानकाकांचा फोटो असा की पिसं मोजून घ्यावीत. माझ्या फोटोत एक ओंडका आणि एक हिरवा डाग. यौ मास्तरांनी तो डाग बघून आजचे चार शब्द खर्च केले. म्हणाले, ओंडका छान आलाय हं.

पी-युन हल्ली नाश्ता घेऊन येते. चिकट भाताच्या गुंडाळ्या, आत मुळ्याचं लोणचं आणि कुरकुरीत तळलेली पिठाची काडी. सगळ्यांना वाटते. टोळीत माझ्यापेक्षा तिचा भाव जास्त.

मी पण एक स्पीकर घेतलाय. दाखवतो यांना.

२२ एप्रिल

आज जे झालं ते कसं लिहू कळत नाही. पण लिहायलाच हवं.

टोळीच्या आधी, एकटाच, पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या सोंडेवर गेलो. पलीकडच्या काठावरून एक नवरंग शीळ घालत होता. मनात म्हटलं, याला मी बोलावतो, फक्त माझ्यासाठी. टोकाच्या खडकावर स्पीकर ठेवला, तोंड पाण्याकडे. चाळीस पावलं मागे येऊन मोबाईलवर शीळ लावली. ती संपली. आणि मोबाईलने आपल्या मनाने पुढची फाईल सुरू केली.

शू-निंगचा आवाज. आमची पोरगी.

"बाबा, जेवलात का? आईला सांगा, मी रविवारी येते. उशीर होईल, दार उघडं ठेवा."

चार वर्षांपूर्वीच्या शनिवारचा निरोप आहे तो. रविवारी येताना तिच्या स्कूटरला ट्रकने धडक दिली. पी-युनला तेव्हा फोनवरचं काही ऐकू येत नसे. निरोपात काय आहे ते मी तिला सांगितलं, पण आवाज जपून ठेवलाय हे नाही सांगितलं. कानाची यंत्रं आली तेव्हाही नाही. बाथरूममध्ये नळ सोडून मी एकटाच ऐकायचो. तिला सोसणार नाही असं स्वतःला सांगायचो. खोटं आहे ते. मला तो वाटून घ्यायचा नव्हता.

तो आवाज अख्ख्या पाण्यावर गेला. बंद करेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. वळून बघतो तर मागे पी-युन, हातात नाश्त्याची पिशवी. ती वाटेवर मटकन खाली बसली. म्हणाली, परत लाव. परत लावला. पुन्हा परत. मग एवढंच म्हणाली, चार वर्षं, म्हाताऱ्या? माझी लाज मलाच वाटते.

२३ एप्रिल

पी-युन आज माझ्या आधीच उठून ओट्यावर बसलेली. मी काठावर गेलो, टोळीही जमली होती. सूर्य नुकता वर आलेला. आणि पलीकडून, पाण्याच्या लांबच्या फाट्यातून, स्वच्छ आवाज आला: बाबा, जेवलात का?

मी म्हटलं, प्रतिध्वनी. म्हटलं आणि माझं मलाच कळलं की प्रतिध्वनी एक दिवस थांबून येत नाही.

चानकाका ट्रायपॉड मिटत होते. तो अर्धवटच सोडला. मला दंडाला धरून वरच्या रस्त्यावर नेलं, पाणी दिसेनासं झालं तेव्हा तोंड उघडलं. म्हणाले, तिथे जे आहे ते काय आहे आम्हाला ठाऊक नाही. त्याच्या कानावर पडलेला आवाज ते ठेवून घेतं. मग हाक मारतं. ज्याचं माणूस असेल तो जातो. सहा वर्षांपूर्वी यौ मास्तरांनी धाकट्या भावाला काठावरून नुसती हाक मारली होती, चहा झालाय म्हणून. आठवड्याने भाऊ पहाटे उठून मास्तरांच्याच आवाजामागे गेला. पाणी आटलं तरी सापडला नाही.

मी भडकलो. म्हटलं, आधी सांगायला काय झालं होतं? काका म्हणाले, सांगितलं असतं तर तू हसला असतास, आणि मुद्दाम पाण्याकडे तोंड करून ओरडून बघितलं असतंस. खरं आहे. अगदी तेच केलं असतं मी.

२५ एप्रिल

ते शिकतंय.

पहिले दोन दिवस निरोप जसाच्या तसा होता. आज तुकडे करून जोडले होते. 'येते' मधला अर्धा शब्द तोडून: आई, ये. आई, ये. शू-निंगचाच आवाज, 'आ' थोडा लांबवायची तिची खोड, सगळं तसंच.

परवा पी-युन ओट्यावर बसून ऐकत होती. काल वाटेवरच्या बाकावर. आज काठाच्या पायऱ्यांवर, शेवटच्या पायरीवर. मी मागे उभा होतो आणि मला तो ओंडका आठवला, रोज हातभर सरकवलेला.

तिला सांगितलं सगळं. चानकाकांचं, मास्तरांच्या भावाचं. म्हटलं, ती शू-निंग नाही. तुलाही कळतंय. ती म्हणाली, कळतंय रे, मी काय खुळी आहे? पण आवाज तर तिचाच आहे ना. तू तर तेवढाही दिला नाहीस मला.

चार वर्षांत पहिल्यांदा ती आज दोन वाट्या भात जेवली. गुणगुणतही होती.

२७ एप्रिल

सामान भरलं. सातची बस, म्हटलं, तैपेईला जाऊ, तुझ्या बहिणीकडे राहू, पाऊस पडला की बघू. थांब्यापर्यंत आली. बस आली, दार उघडलं. ती हलली नाही. मी हात धरला, ओढला. ड्रायव्हर बघत राहिला. एकतीस वर्षांत अशी भांडणं आरशात शेकड्याने बघितली, कुणाला जबरदस्तीने बसमध्ये चढवलं नाही. ती म्हणाली, तू जा, मी इथेच बरी आहे. बस गेली.

पोलिसांना फोन केला. दोघे आले, चहा प्यायले, काठावर अर्धा तास उभे राहिले. त्यांना बगळे ऐकू आले. जाताना एकाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, आजोबा, आजींना डॉक्टरकडे न्या. दुसरा माझ्याकडे बघत होता. त्याला आजोबांनाच न्यावं असं वाटत असणार.

पक्षीवाली टोळी आता येत नाही.

२९ एप्रिल

सकाळी वाटेच्या वळणावरच्या भूमिदेवाच्या देवळीत गेलो. चहाचे तीन पेले ठेवले, उदबत्त्या लावल्या. मी देवाधर्माचा माणूस नाही, देवालाही ते ठाऊक असेल. कौलाच्या दोन अर्धचंद्र फळ्या हातात धरल्या आणि विचारलं, ती वाचेल का?

टाकल्या. दोन्ही पालथ्या. नाही.

पुन्हा टाकल्या. पालथ्या.

तिसऱ्यांदा टाकायची छाती झाली नाही. फळ्या जागेवर ठेवल्या आणि बराच वेळ तिथेच उकिडवा बसून रडलो. एवढा मोठा बाप्या, पण दुसरं काय करणार होतो?

३० एप्रिल

ती झोपेत असताना तिची कानाची यंत्रं काढून तांदळाच्या डब्यात लपवली. वाटलं, सुटलो. ऐकूच आलं नाही तर जाईल कशाला?

उठली, कान चाचपले, माझ्याकडे बघितलं. चप्पल घालून सरळ काठावर गेली. पायऱ्या उतरली, चिखलाच्या पापुद्र्यावर पाय ठेवला. ती किडकिडीत आहे, तिला तो तोलतो. माझा पाय पहिल्याच पावलाला घोट्यापर्यंत गेला. मी पायरीवरून ओरडलो. म्हातारे, मागे फिर! पुढे जाऊ नको! म्हातारे, घरी ये! घसा फाटेपर्यंत ओरडलो. तिला ऐकू जाणार कसं, यंत्रं तर मीच काढून घेतलेली. शेवटी दमून ती स्वतःच परतली.

यंत्रं परत दिली. उद्या पाय रुतायला लागला तर निदान माझी हाक तरी ऐकू यावी.

१ मे

आजही गेली. आजही ओरडलो. आज वीसेक पावलं आत होती. ऐकलं तिने माझं, परत आली. म्हणाली, किती रे ओरडतोस, पोरीचं बोलणं नीट ऐकू देत नाहीस.

२ मे

दात घासत होतो. बाहेरून हाक आली: म्हातारे, ये. घरी ये.

माझा आवाज.

माझा. मी आरशात तोंडात ब्रश धरून उभा, आणि मी बाहेरून हाक मारतोय. मग कडी निघाल्याचा आवाज.

तसाच धावलो. पायऱ्यांच्या अलीकडे गाठलं तिला. ती हसली, म्हणाली, अरे, तू पुढे गेलास ना आत्ता? मग मागून कसा आलास?

दोन दिवस मी काठावर उभा राहून त्याला माझा आवाज शिकवला. तिला वाचवायला म्हणून.

चानकाकांना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, फांग, आजपासून तोंड उघडू नकोस. जे बोलशील ते त्याला देशील. मी विचारलं, यौ मास्तर म्हणूनच कमी बोलतात का? त्यांनी फोन ठेवला.

३ मे

बोलत नाही. पी-युनसाठी या वहीत मोठ्या अक्षरांत लिहितो आणि दाखवतो.

*भात झालाय. ये.*

*बाहेरून मी हाक मारली तर जाऊ नको. मी बोलणं बंद केलंय. जो बोलतो तो मी नाही.*

सकाळी तिला गंमत वाटली. दुपारपर्यंत तिचा चेहरा उतरला. म्हणाली, इतकी वर्षं बहिरी होते तेव्हा तू सारखा बडबडायचास. आता कान आले तर तू मुका झालास. घरात कुणी बोलत नाही माझ्याशी. बाहेर दोघं बोलतात.

तोंड उघडलं होतं मी. परत मिटलं.

४ मे

ते आता निरोपातल्या शब्दांवर अडत नाही. हवं ते बोलतं.

सकाळी पलीकडे आम्ही दोघं बोलत होतो, मी आणि शू-निंग. ती विचारत होती, बाबा, आईला का नाही आणलंत? मी सांगत होतो, येईल गं, आवरतेय. किती शांत बोलतो मी तिथे. चिडत नाही. पी-युन ओट्यावर बसून ऐकत होती, घरात पंगतीला बसल्यासारखी. मधेच हसली. मी तिच्या शेजारी बसलेला, तोंडाला कुलूप.

मला माहीत आहे हे काय आहे. मी स्वतः केलंय हे. स्पीकर लावलाय, अळ्या ठेवल्यात. माहीत असून काही उपयोग नाही. पक्ष्यालाही कदाचित कळत असेल. कळूनही येत असेल.

५ मे

दाराला कुलूप. पाठ टेकून बसलोय.

ती खिडकीशी. मला म्हणाली, म्हाताऱ्या, एकदा बोल. एकच शब्द बोल, मी नाही जाणार. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

लिहिलं, *नको मागू.*

तिने वाचलंच नाही. तोंड फिरवलं.

बोलायला हवं होतं का? एक शब्द. ते घरातलं कुठे ऐकतं — की ऐकतं — मला काय माहीत —

६ मे

उजाडताना डोळा लागला. खिडकी उघडी. कानात यंत्रं घालून गेलीय, उशाशी नाहीत —

चिखलात आहे ती. साठ-सत्तर पावलं आत. पाठमोरी. मी मागे गेलो, वही-पेन हातात तसंच. वीस पावलांवर गुडघा गेला. आता मांडीपर्यंत. निघत नाही. मोबाईल घरात.

ओरडलो. नाही राहवलं. म्हातारे, मागे बघ, मी इथे आहे!

समोरून लगेच — तेच. मागे बघू नको, मी इथे आहे. माझा आवाज फाटलेला, चिडका, घाबरलेला. त्याचा मऊ. लग्नाच्या वर्षी बोलायचो तसा.

ती थांबली. मान इकडे जराशी —

दोन्हीकडे मीच. मी अजून ओरडलो तर ते अजून गोड बोलेल. गप्प बसलो तर तिकडे एकटाच मी उरतो. काय करू? काय करू मी?

कमरेपर्यंत आलंय. मोठ्या अक्षरांत लिहितोय, वही डोक्यावर धरतो, वळली तर दिसेल —

*पी-युन मागे बघ*

*जो बोलत नाहीये तो मी*

वळत नाही. हसतेय, खांदे हलतायत. शू-निंग काहीतरी सांगतेय तिला, मला इथून नीट ऐकू —

*मागे वळ. एकदाच. मी बोलतो आता, तू म्हणशील ते बोलतो, फक्त एकदा मागे व*